'दॅट', 'जे' आणि 'म्हणून' : शब्दांच्या जातींचा एक इतिहास



व्याख्यानाचा विषय कळवावा असे संस्थेचे पत्र आले, तेव्हा मी उत्तरादाखल 'दॅट' एवढाच शब्द लिहून पाठवला होता. चिटणीसांनी दूरध्वनी करून पुढचा मजकूर गहाळ झाला आहे काय, अशी अदबीने विचारणा केली. मजकूर गहाळ झालेला नव्हता. इंग्रजीतील या एका क्षुल्लक वाटणाऱ्या शब्दाविषयी तासभर बोलावे, आणि त्याच्या निमित्ताने आपल्या मराठीतील दोन-तीन शब्दांची चौकशी करावी, असा माझा बेत होता. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला इंग्रजी आणि मराठी ही दोन्ही व्याकरणे शिकवीत. एका भाषेतला नियम दुसरीत लागू पडतो का, हे पाहण्याची खोड मला त्यांच्या वर्गातच लागली. तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम एक वाक्य घेऊ. मी ते मुद्दाम रचले आहे, पण त्यात कृत्रिम असे काही नाही. कोणीही इंग्रज ते सहज बोलून जाईल. 'ही सेड दॅट दॅट बुक दॅट यू बॉट वॉज नॉट दॅट गुड, अँड दॅट सरप्राइज्ड मी.' यात 'दॅट' पाच वेळा आला आहे आणि पाचही वेळा त्याचे काम वेगळे आहे. पहिला दोन वाक्ये जोडतो, म्हणजे उभयान्वयी. दुसरा पुस्तकाकडे बोट दाखवतो, म्हणजे दर्शक विशेषण. तिसरा 'जे' या अर्थाचा संबंधी सर्वनाम. चौथा 'चांगले' या गुणाचे प्रमाण सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. पाचवा स्वतःच कर्ता होऊन बसला आहे, तो सर्वनाम. आता हेच मराठीत सांगून पाहा: 'तो म्हणाला की तू घेतलेले ते पुस्तक तितके चांगले नव्हते, आणि त्याचे मला आश्चर्य वाटले.' 'की', 'ते', 'तितके', 'त्याचे' असे चार शब्द आपल्याला लागले, आणि तिसऱ्या 'दॅट'साठी तर शब्दच लागला नाही. 'घेतलेले' या धातुसाधिताने ते काम परस्पर उरकले.

इंग्रजीच्या कोशात या पाचांची नोंद एका मथळ्याखाली असते. लिहिताना पाचही सारखेच दिसतात. कानाला मात्र ते सारखे नाहीत. बोट दाखवणारा 'दॅट' इंग्रज माणूस ठसठशीत उच्चारतो. वाक्ये जोडणारा 'दॅट' त्याच्या तोंडी जवळजवळ 'दट' होऊन विरून जातो. आपण भारतीय लोक सगळेच 'दॅट' सारख्याच जोराने म्हणतो, कारण आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. हे दूषण म्हणून सांगत नाही. मीही तसाच बोलतो.

एकाच शब्दाला एवढी कामे कशी मिळाली, हा खरा प्रश्न. त्यासाठी सुमारे हजार वर्षे मागे जावे लागते. त्या काळच्या इंग्रजीत आपल्याप्रमाणे तीन लिंगे होती. 'तो' या अर्थी 'से', 'ती' या अर्थी 'सेओ' आणि 'ते' या अर्थी 'थॅट'. संस्कृत जाणणाऱ्याच्या कानाला येथे ओळखीचा सूर ऐकू येईल: सः, सा, तत्. हे साम्य योगायोगाचे नाही. मूळच्या 'त'चा जर्मानिक भाषांत 'थ' झाला आणि मूळच्या 'द'चा 'त'. याकोब ग्रिम याने १८२२ साली हा ध्वनिनियम मांडला. 'तद्' या रूपाला तो लावला की पहिल्या वर्णाचा 'थ' आणि शेवटच्याचा 'त' होतो. म्हणजे इंग्रजांचे 'दॅट' आणि आपले 'ते' ही एकाच घरातून निघालेली दोन भावंडे आहेत.

पुढे इंग्रजीतील प्रत्यय झिजले. लिंगभेद मावळला, विभक्तीची बहुतेक रूपे गळाली. पुल्लिंगी रूपाच्या जागी सर्वत्र एकच 'द' राहिला आणि तो उपपद बनला. नपुंसकलिंगी 'थॅट' बोट दाखवण्यासाठी वेगळा उरला. प्रत्यय असताना शब्दाच्या अंगावर गणवेश असतो. तो कोठल्या खात्यात काम करतो हे पाहताक्षणी कळते. गणवेश उतरला की माणूस कोठेही कामाला जाऊ शकतो, मात्र तो कोण हे त्याच्या जागेवरून ओळखावे लागते. इंग्रजीत शब्दाची जागा वाक्यात इतकी पक्की झाली आहे याचे कारण हेच. 'राउंड', 'डाउन', 'लाइक', 'वेल' असे कितीतरी शब्द तेथे नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण अशा निरनिराळ्या जागी बसतात. एकट्या शब्दाला जात विचारली तर तो उत्तर देऊ शकत नाही.

'दॅट'च्या बाबतीत मात्र गणवेश उतरण्याआधीच एक घडामोड झालेली होती. दर्शक सर्वनामाचा उभयान्वयी अव्यय होणे ही जुन्या इंग्रजीतच घडलेली गोष्ट आहे. ती कशी घडली असेल हे आपल्याला मराठीतून चांगले उमगते. 'मी ते जाणतो: तो आला आहे.' येथे 'ते' म्हणजे पुढे सांगितलेली गोष्ट. ते जाणण्याचे कर्म आहे, आणि नंतर थोडा विराम आहे. आता हा विराम काढून टाका, 'ते' जरा पुढे सरकवा आणि वाक्य भरभर म्हणा. ऐकणाऱ्याला 'ते' हे पहिल्या वाक्याचे शेपूट न वाटता दुसऱ्या वाक्याचे तोंड वाटू लागते. शब्द तोच, अर्थही तोच, फक्त वाक्यातील शीव अर्ध्या श्वासाने हलली. जर्मन भाषेतही हेच झाले. तेथे सर्वनाम आणि उभयान्वयी यांचा उच्चार एकच आहे. पंडितांनी लिहिताना तेवढी एकाला एक आणि दुसऱ्याला दोन 'स'कारांची खूण ठरवून दिली (१९९६ च्या सुधारणेपूर्वी तेथे एक वेगळेच अक्षर असे). जर्मन मुलांना ही खूण अजूनही चुकते असे म्हणतात, आणि मला त्यांची बाजू पटते.

हे मर्म ओळखणारा पहिला माणूस व्याकरणकार म्हणून नव्हे, तर आरोपी म्हणून इतिहासात येतो. जॉन हॉर्न हा इंग्लंडातील ब्रेंटफर्ड गावचा धर्मोपदेशक. पुढे १७८२ मध्ये त्याने एका मित्राचे आडनाव जोडून हॉर्न टूक हे नाव घेतले. एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे राजाच्या सैनिकांनी वसाहतीतील लोकांवर गोळ्या झाडल्या. मृतांच्या विधवा आणि मुले यांच्यासाठी वर्गणी गोळा करण्याचे जाहीर निवेदन हॉर्नने वृत्तपत्रांत छापले आणि त्यात या लोकांचा राजाच्या सैनिकांनी खून केला, असा शब्द वापरला. १७७७ साली लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे बदनामीचा खटला चालला. त्याला एक वर्षाची कैद आणि २०० पौंड दंड झाला.

शिक्षेनंतर कायद्याचा जो काथ्याकूट झाला तो आपल्या विषयाचा आहे. आरोपपत्रात अमुक गोष्ट घडली असे स्पष्ट विधान आहे, की ती नुसती गृहीत धरली आहे, असा वाद निघाला. त्यात एका जुन्या खटल्याचा दाखला पुढे आला. एका बाईवर आरोप होता की, क्रुक नावाच्या इसमावर बनावट दस्तऐवजाचा खटला भरला गेला आहे 'दॅट' हे जाणून तिने अमुक केले. मग क्रुकवर खटला भरला होता हे विधान त्या आरोपपत्रात आहे की नाही? 'दॅट'ला केवळ जोडणारा अव्यय मानले तर ते विधान बाईच्या जाणण्याच्या पोटात अडकून पडते. हॉर्नने तुरुंगातून आपले वकील डनिंग यांना उद्देशून एक पत्र लिहिले आणि ते १७७८ साली छापले. त्याचे म्हणणे असे: हा 'दॅट' दुसरा तिसरा कोणी नसून तेच जुने सर्वनाम आहे. वाक्य उलगडले की ते असे होते: क्रुकवर खटला भरला गेला आहे, तिने 'ते' जाणून अमुक केले. पहिला भाग स्वतंत्र विधानच आहे. आपण दोन शब्दयोगी आणि एक उभयान्वयी अव्यय यांचे बळी ठरलो, अशा अर्थाची तक्रार त्याने पुढे नोंदवून ठेवली आहे.

या पत्राचा विस्तार करून त्याने 'डायव्हर्जन्स ऑफ पर्ली' हा ग्रंथ लिहिला. पहिला भाग १७८६ मध्ये निघाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले होते. टूकला संस्कृत येत नव्हते. सर्व अव्यये मुळात नामे किंवा क्रियापदेच असतात, हा आपला सिद्धांत तो अंदाजपंचे व्युत्पत्तींवर रेटत गेला. इंग्रजी 'इफ' हा शब्द 'देणे' या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे, असे त्याने ठासून सांगितले. ते साफ चुकीचे ठरले. पुढच्या शतकातील भाषाशास्त्रज्ञांनी त्याच्या व्युत्पत्तींची थट्टा केली आणि ती रास्तच होती. पण 'दॅट'विषयी तो बरोबर होता, आणि एकूण दिशाही बरोबर होती. फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेय्ये याने १९१२ साली एका निबंधात, स्वतंत्र अर्थाचे शब्द झिजून व्याकरणाची साधने कशी बनतात, हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. मेय्ये यांच्याच परंपरेत तयार झालेल्या झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध केला. तो वा. गो. परांजपे यांच्या मराठी अनुवादातून १९४१ मध्ये आपल्यापर्यंत आला. टूकच्या कोठडीपासून आपल्या ग्रंथालयाच्या कपाटापर्यंतचा रस्ता असा आहे.

याआधीचा एक विनोदी प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. १७११ साली अॅडिसन आणि स्टील यांच्या 'स्पेक्टेटर' पत्रात 'हू' आणि 'व्हिच' या शब्दांच्या नावाने एक गमतीदार अर्ज छापून आला. आम्ही खानदानी घराण्यातले, आणि हा उपटसुंभ 'दॅट' आमच्या जागा बळकावीत आहे, असे गाऱ्हाणे त्यात होते. दोनच दिवसांच्या अंतराने 'दॅट'चे उत्तरही छापले गेले. गंमत अशी की अर्जदारांची वंशावळ खोटी होती. संबंधी सर्वनामाची जागा 'दॅट'कडे जुन्या इंग्रजीपासून होती. 'हू' आणि 'व्हिच' हे मूळचे प्रश्नार्थक, ते या जागी मागाहून आले. सुशिक्षितांना जो शब्द जास्त प्रतिष्ठित वाटतो तोच जास्त जुना असतो, हा समज किती फसवा आहे याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. मराठीसंबंधीही पुढे हाच मुद्दा येणार आहे.

आता शब्दांच्या जाती हा प्रकार आला कोठून, ते थोडक्यात पाहू. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत. रोमनांच्या भाषेत उपपद नव्हते. त्यांनी ते वगळून केवलप्रयोगी घातले आणि आठाचा आकडा राखला. विशेषण हा वर्ग या दोघांतही नाही, कारण त्यांच्याकडे विशेषणाला नामासारखेच प्रत्यय लागत. ते नामातच मोडे. इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये काढले ते लॅटिनच्या साच्यावर. विशेषण नामापासून वेगळे झाले ते अठराव्या शतकात, आणि लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणात नऊ वर्ग स्थिर झाले. हे पुस्तक इंग्रजी अमलाखालच्या शाळांत दूरवर पोचले.

आपल्याकडची परंपरा निराळी होती. यास्काचे चार वर्ग: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीचे तर दोनच: सुबन्त आणि तिङन्त. अव्ययालाही तो प्रथम सुप् प्रत्यय लावतो आणि मग त्याचा लोप करतो, म्हणजे दोन खान्यांच्या बाहेर कोणी राहू नये. ही मांडणी प्रत्ययांनी संपन्न अशा भाषेची आहे. जात सांगण्याचे काम तेथे प्रत्ययच करतो.

मराठीचे व्याकरण लिहिण्याची वेळ आली तेव्हा या दोन्ही परंपरा समोर होत्या. विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ साली सेरामपूरला छापले गेले. टूकच्या ग्रंथाचा दुसरा भागही त्याच वर्षीचा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ चे; दादोबा तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. पारिभाषिक शब्द बहुतांशी संस्कृतचे आणि मांडणी इंग्रजी वळणाची, असा तो संकर होता. त्यातूनच पुढे नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी हे आठ खाने आपल्या शाळांत रूढ झाले. मरेचे नऊ, त्यातून उपपद वजा. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणाची चिकित्सा केली, मोरो केशव दामले यांनी १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त तिचा विस्तार केला, आणि अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहून उसन्या साच्यांचा प्रश्नच ऐरणीवर आणला. शाळेत मात्र खाने तसेच राहिले. या वर्गांना आपण 'शब्दांच्या जाती' म्हणतो. ज्या दादोबांनी सुरतेत १८४४ मध्ये मानवधर्म सभा आणि मुंबईत १८४९ मध्ये जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापण्यात पुढाकार घेतला, त्यांच्या व्याकरणाच्या वारसांनी हा शब्द इतक्या निःशंकपणे वापरावा, याचे मला कधी कधी हसू येते.

जात जन्माने ठरते अशी समजूत एकदा झाली की प्रश्नपत्रिकाही तशीच निघते. 'खालील शब्दांची जात ओळखा: वर, पण, ते, म्हणून.' मी असा प्रश्न स्वतः पाहिला आहे. त्यात वाक्य दिलेले नव्हते. 'तो वर गेला' यात 'वर' क्रियाविशेषण, 'झाडावर' यात शब्दयोगी. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन याने १९२४ मध्येच म्हटले होते की क्रियाविशेषण, शब्दयोगी आणि उभयान्वयी हे तीन स्वतंत्र वर्ग मानण्याची गरज नाही. कर्म घेणारे आणि न घेणारे क्रियापद जसे आपण एकाच वर्गात ठेवतो तसेच हे ठेवावेत. 'ते'चे पाहा: 'ते घर' यात विशेषण, 'ते गेले' यात सर्वनाम, 'बेळगाव ते पुणे' यात काय? मूल जर 'सर' म्हणून हात वर करून 'कोणत्या वाक्यातला?' असे विचारील तर ते मूल सर्वांत हुशार; पण त्याला त्या उत्तरपत्रिकेत गुण नाहीत.

'दॅट'च्या कामासाठी मराठीने काय केले, हे आता पाहू. आपल्या भाषेत तीन वाटा दिसतात.

पहिली वाट 'जे'ची. महानुभावांच्या गद्यात आणि पुढे मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात 'जे' हा शब्द 'की'च्या जागी येतो. जुन्या पत्रांतील 'विनंती ऐसीजे' हा मायना इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी शेकडो वेळा वाचला असेल. विनंती अशी, जे. आणि मग पत्राचा मजकूर. हे 'जे' म्हणजे संबंधी सर्वनामाचे नपुंसकलिंगी रूप, संस्कृत 'यत्'चे वारस. सर्वनामाचा उभयान्वयी झाला. इंग्रजीत 'दॅट'ने जे केले ते येथे 'जे'ने केले, आणि कोणी कोणाचे पाहून केले असण्याची शक्यता नाही.

दुसरी वाट 'की'ची. 'तो म्हणाला की' यातील 'की' फारसी 'कि'च्या वळणाने आला असे मानले जाते. राज्यकारभाराची भाषा फारसी असताना तो दप्तरातून बोलण्यात उतरला आणि त्याने 'जे'ला हळूहळू मागे सारले. फारसीतही हा शब्द मूळचा सर्वनामच, 'कोण' या अर्थाचा. पण आपल्याकडे आणखी एक 'की' होता. 'ज्ञानेश्वरी'त एकामागून एक दृष्टांत येतात तेव्हा 'कीं' हा 'अथवा' या अर्थाने येतो. 'चहा की कॉफी' हा तोच. म्हणजे आज एकच दिसणारा 'की' हा दोन वेगळ्या घरांतल्या दोन माणसांचा मिळून झालेला आहे. इंग्रजी 'दॅट' एक असून त्याच्या पाच शाखा झाल्या. मराठी 'की' दोन असून एक झाले. वर्णनकार दोन्हींपुढे 'एकच शब्द, निरनिराळी कामे' असे लिहील. इतिहासाला मात्र हा फरक सोडता येत नाही.

तिसरी वाट 'म्हणून'ची, आणि आपल्या गावात ती सर्वांत जास्त मळलेली आहे. 'राम राम म्हणून तो निघाला' येथे 'म्हणून' हे सरळ धातुसाधित आहे. तोंडाने म्हणण्याची क्रिया घडली. 'येतो म्हणून सांगितले' येथे ते 'दॅट'चे काम करते, फक्त वाक्याच्या अलीकडे न बसता पलीकडे बसते. 'पाऊस पडेल म्हणून वाटले' येथे कोणी काही म्हटलेलेच नाही. तोंड गेले, नुसता सांधा राहिला. 'पाऊस आला म्हणून शाळा सुटली' येथे कारण. 'मुलांना कळावे म्हणून' येथे हेतू. 'गणपत म्हणून एक पाटील होता' येथे नाव. 'शिक्षक म्हणून नोकरी केली' येथे नाते किंवा पद. ज्ञानेश्वरांच्या काळी 'म्हणौनि' हे 'यास्तव' या अर्थाने पूर्ण रुळलेले होते, तेव्हा ही झीज सातशे वर्षांहून जुनी आहे. 'दॅट'ची पाच कामे पाहून आपण थक्क होतो; 'म्हणून'ची मी आता सात मोजली, आणि यादी पूर्ण झाली असा माझा दावा नाही. या शब्दाला आठांपैकी कोणत्या एका खान्यात टाकाल?

आता शेजारी पाहा. कन्नडात 'एन्' म्हणजे म्हणणे. त्यापासून 'एंदु', बोलण्यात 'अंत'. 'बरुत्तेने अंत हेळिद': येतो म्हणून सांगितले. शब्दाला शब्द जुळतो, जागेला जागा जुळते. तेलुगूत 'अनि', तमिळमध्ये 'एन्रु', दोन्ही म्हणण्याच्याच धातूपासून. गोव्यातल्या कोंकणीत 'म्हण'. हैदराबादच्या दखनीत 'बोलके'. संस्कृतात 'इति' याच जागी, म्हणजे सांगितलेल्या मजकुराच्या शेवटी बसतो. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, अशी मांडणी केली: कुळे वेगळी असली तरी शेजारामुळे भाषांची ठेवण सारखी होते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात गम्पर्झ आणि विल्सन यांनी जो अभ्यास केला आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केला त्यात तर असे आढळले की तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द निरनिराळे राहिले, पण वाक्यांची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतले वाक्य शब्दामागून शब्द ठेवीत दुसरीत नेता यावे. कुपवाड येथून काही तासांच्या अंतरावर आहे.

हे सांगण्याचे कारण असे. आपल्या भागातील मुलगा पुण्या-मुंबईकडे शिकायला गेला आणि 'येतो म्हणून सांगितलंय' असे बोलला, की त्याला 'हे कानडी वळण आहे, येतो असे सांगितले म्हण, किंवा सांगितले की येतो म्हण' अशी दुरुस्ती ऐकावी लागते. आपल्याच शाळांतील काही शिक्षकही ती दुरुस्ती करतात. 'की' शुद्ध आणि 'म्हणून' गावंढळ, असा त्यामागचा समज असतो. आता यातले मराठी कोणते? ज्याला शुद्ध म्हणतात तो 'की' फारसी दप्तराच्या वळणाचा. ज्याला कानडी म्हणतात तो 'म्हणून' मराठी धातूला मराठी प्रत्यय लागून बनलेला. 'हू' आणि 'व्हिच' यांच्या अर्जासारखाच हा प्रकार आहे. वापरण्याच्या रीतीत कन्नडच्या सहवासाचा हात असेल, नव्हे असणारच. पण तेवढेच कारण पुरते असेही मला वाटत नाही. बंगालीत 'बोले' आणि नेपाळीत 'भनेर' हे शब्द म्हणण्याच्याच धातूपासून निघून नेमके हेच काम करतात, आणि तेथे शेजारी कन्नड नाही. म्हणण्याच्या क्रियेतून सांधा तयार होणे ही माणसाच्या बोलण्याची एक स्वाभाविक वाट दिसते. शेजाऱ्याने ती वाट रुंद केली, एवढेच खात्रीने म्हणता येते.

त्याच धातूचे आणखी एक रूप राहिले. 'तो मुंबईला गेला म्हणे.' कन्नडात: 'अवनु मुंबैगे होदनंते.' कोणीतरी म्हणतो, मी पाहिलेले नाही, खरेखोटे मला ठाऊक नाही. एवढा सगळा आशय या शेपटात आहे. तुकोबांच्या नाममुद्रेतील 'म्हणे' हे पुरते क्रियापद आहे, त्याला कर्ता आहे. आपल्या बोलण्यातील 'म्हणे'ला कर्ता नाही, काळ नाही, वचन नाही. ते विकार गमावून बसलेले क्रियापद आहे. ते दोन वाक्ये जोडत नाही, म्हणून उभयान्वयी नव्हे. नामाला चिकटत नाही, म्हणून शब्दयोगी नव्हे. क्रियेची रीत, स्थळ किंवा काळ सांगत नाही, म्हणून क्रियाविशेषण म्हणताना जीभ अडखळते. आणि ते उद्गारही नव्हे. न्यायालयात मात्र त्याची किंमत लगेच कळते, कारण ऐकीव साक्ष आणि पाहिलेली साक्ष यांतला भेद वकिलाला इंग्रजीत अख्खे वाक्य खर्चून सांगावा लागतो, आणि आपला साक्षीदार तो दोन अक्षरांत सांगून मोकळा होतो. हॉर्न टूकला असा एखादा शब्द आपल्या भाषेत असता तर त्याने त्यावर आणखी एक पत्र लिहिले असते.